फ्रीजरमध्ये थोडी जागा

दार उघडलं तेव्हा त्याच्या एका हातात सुतळीचा गुंडा होता आणि चष्मा कपाळावर चढलेला. माझ्या दोन्ही हातांत ट्रे. ट्रेमध्ये बदाम, अक्रोड आणि खजूर एकत्र वाटून दाबून बसवलेला जाडसर थर, आणि त्यातलाच थोडा बहुतेक माझ्या गालावर.

"तुमच्या फ्रीजरमध्ये थोडी जागा आहे का?" मी विचारलं.

ओळख ना पाळख, आणि थेट फ्रीजर! तो आमच्या वरच्या मजल्यावर राहायला येऊन वर्ष होत आलं होतं, पण जिन्यात "जरा सरकता का" यापुढे आमचं संभाषण कधी गेलं नव्हतं. नदीवरच्या जुन्या पुलाची तपासणी करायला त्याच्या कंपनीने त्याला आमच्या गावात पाठवलं होतं, म्हणून आमच्या घरात तो 'पूलवाला'.

पूलवाला माझ्याकडे बघत राहिला... मग ट्रेकडे... मग पुन्हा माझ्याकडे.

"फ्रीजरमध्ये?"

"हो. आमचा बंद पडलाय, ऐन वेळी. जरा वेळच ठेवायचंय. वास येणारं काही नाही हो, खजूर आहे."

"आहे ना जागा," तो म्हणाला. "जागाच जागा आहे. फक्त... दोन मिनिटं थांबाल? बाहेरच?"

आणि दार लोटून घेतलं! आतून काहीतरी जड ओढल्याचा आवाज आला, मग कागद टराटरा फाडल्याचा, मग एक "आई गं!" मी जिन्यात ट्रे घेऊन ताटकळत उभी. मला वाटलं, पसारा आवरतोय बिचारा. एकट्या माणसाचं घर, काय काय लपवायचं असेल देव जाणे.

दार परत उघडलं तेव्हा त्याला धाप लागली होती. तो अंगठा चोखत होता. "या," तो म्हणाला, जणू काही झालंच नाही.

आता हा सगळा खटाटोप कशासाठी, ते सांगायला हवं. माझ्या ताईचं लग्न ठरत आलं होतं. रविवारी तिचे होणारे सासू-सासरे चहाला यायचे होते. ती माणसं दूध, तूप, लोणी, मध, कशालाच हात लावत नसत. "ते व्हीगन आहेत," असं ताईने सांगितलं तेव्हा आई म्हणाली, "असेनात का, आपल्याला माणसं चांगली असल्याशी मतलब." मग अर्थ कळल्यावर मात्र तिने डोक्याला हात लावला. दुधाशिवाय गोड म्हणजे आईच्या लेखी पाण्याशिवाय आंघोळ. त्यावर मी फुशारकी मारून बसले, "मी करते! तीन थरांचे चॉकलेटचे बार. खाली सुकामेवा, मध्ये काजूची साय, वर चॉकलेट. दुधाचा थेंब नाही."

आई त्यांना शेवटपर्यंत वड्याच म्हणत राहिली. मी ट्रेमध्ये बटर पेपर अंथरायला घेतला तर म्हणाली, "अगं, हा चालतो का त्यांना?" नारळाचं दूध आणलं तेव्हाही शंका आलीच. मी म्हटलं, "आई, नारळाला वासरू नसतं." बाबांनी खोबरेल तेलाची वाटी हुंगून "हे डोक्याला लावायचं ना?" असं विचारलं, आणि मी त्या दोघांनाही स्वयंपाकघरातून बाहेर काढलं.

तो बुधवार होता. मी चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायचं काम करायचे आणि बुधवारी दुकानाला सुट्टी. म्हटलं, आज रंगीत तालीम करू, चुकलं तर चुकलं, रविवारच्या आत हात बसेल. या बारांचं सगळं तंत्र थांबण्यात असतं. एक थर घट्ट झाल्याशिवाय दुसरा ओतायचा नाही. आणि मी तर उतावळेपणात पहिला नंबर. उकळी यायच्या आधी दहादा झाकण उघडून बघणारी.

पूलवाल्याच्या फ्रीजरमध्ये माझा थर घट्ट होईचना. मी थोड्या थोड्या वेळाने वर जायची, दार उघडायची आणि थरात बोट खुपसून बघायची. मऊच.

"बोट कशाला?" त्याने विचारलं.

"कळतं त्याने."

"माझ्याकडे थर्मामीटर आहे."

"थर्मामीटरला चव कळत नाही," मी म्हटलं आणि बोट चाटलं. तो हसला. हसला की त्याचा एक कान हलायचा. इतके दिवस जिन्यात नुसतं सरकण्यात माझं हे बघायचं राहून गेलं होतं.

दुपार उतरली तरी तेच. शेवटी माझा संयम सुटला. "तुमचा फ्रीजर म्हणजे नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा! एवढा मोठा फ्रीज, आत एक बर्फाचा खडा नाही?"

"त्याला... जरा वेळ लागतो," तो म्हणाला आणि उगाच खिडकीबाहेर बघायला लागला. "नवीन माणूस बघून बुजला असेल."

मी निघताना त्याचा चष्मा अजून कपाळावरच होता. धंद्याची सवय, मला राहवेना. "जवळचं बघताना चष्मा वर करता, म्हणजे नंबर जास्तीचा बसलाय. दुकानात या. जवळचं नीट दिसायला हवं."

"जवळ बघण्यासारखं काही नसतंच सहसा," तो म्हणाला. "पूल लांबूनच बघावे लागतात."

सहसा. हा एक शब्द घेऊन मी जिना उतरले, आणि खाली आईने काय विचारलं ते मला ऐकूच आलं नाही.

गुरुवारी दुकानातून आल्यावर सगळे थर झालेला पहिला ट्रे आम्ही त्याच्याच ओट्यावर कापायला घेतला. सुरी गरम पाण्यात बुडवली, पुसली, दाबली... आणि वरचं चॉकलेट अख्खंच्या अख्खं उचकटून हातात आलं. खालचे थर जागच्या जागी, चॉकलेट वेगळं. मला तर रडूच फुटायचं बाकी होतं.

त्याने मात्र चष्मा वर सरकवला आणि ओट्यावर वाकून त्या थरांकडे असं बघायला लागला की वाटावं, वरून गाड्या जायच्यात.

"खालचा थर फार गुळगुळीत होता. आणि फार गार," तो म्हणाला. "आम्ही जुन्या काँक्रीटवर नवं ओततो ना, तेव्हा जुनं आधी खरवडून घेतो. नाहीतर दोन्ही आपापल्या जागी पक्के राहतात, पण एकमेकांना धरत नाहीत."

"म्हणजे माझ्या काजूच्या सायीवर ओरखडे काढायचे?"

"थोडेसे. आणि ती जरा चिकट असतानाच चॉकलेट ओतायचं. दगड होईपर्यंत थांबायचं नाही."

"बघा हं... मला न थांबायला सांगणारे तुम्ही जगातले पहिलेच."

आम्ही ते उचकटलेलं चॉकलेट उभ्या उभ्या खाल्लं. बाहेर पाऊस भुरभुरत होता, स्वयंपाकघराच्या खिडकीची काच धुरकटली होती, आणि दोघांच्या बोटांना चॉकलेट. त्याने विचारलं, फ्रीजरचं भाडं काय मिळणार. मी म्हटलं, कडा. कापताना चारी बाजूंच्या वाकड्या कडा निघतात, त्या सगळ्या तुमच्या. "कडाच चांगल्या लागतात," तो म्हणाला. "मधले तुकडे पाहुण्यांसाठी असतात. कडा घरच्यांसाठी." आणि मग आपण काय बोललो हे लक्षात येऊन तो भांडी घासायला लागला... घासलेलीच भांडी.

त्याच दिवशी, मी दुकानात असताना, आमचा फ्रीज दुरुस्त झाला होता. मेकॅनिक येऊन थर्मोस्टॅट बदलून गेला. बाबांना कोण आनंद! ते येणाऱ्या-जाणाऱ्याला बोलावून बर्फ दाखवत होते.

शुक्रवारी संध्याकाळी मी रविवारसाठी नवा थर दाबला, ट्रे उचलला आणि चपला घातल्या. ताई सोफ्यावर पाय पसरून बसली होती. ती मासिकातून मान वर न काढता म्हणाली, "आपला फ्रीज चालू झालाय, हे तुझ्या कानावर आलंय ना?"

"आलंय. पण... वरचा जास्त गार आहे."

"कोण?"

"फ्रीज!"

"हो हो, फ्रीजच," ताई म्हणाली. "मांजर डोळे मिटून दूध पितं म्हणे. तू तर दूधसुद्धा सोडलंस."

मी ट्रे सावरत जिना चढले.

काट्याने ओरखडे काढायचं काम शनिवारी आलं. मी एका बाजूने, तो दुसऱ्या बाजूने, आणि ट्रे इवलासा. दोघांचे काटे मध्यावर एकमेकांना लागले, आणि कुणीच आपला काटा मागे घेईना. मी मान वर केली. मी रोज किती डोळे बघायचे! जवळून, दिवा लावून, आरपार. पण कुणाच्या डोळ्यांत बघताना हातातलं काम कधी विसरले नव्हते.

"चॉकलेट... गार होईल," तो म्हणाला.

ते ओतताना मी पहिल्यांदा आजूबाजूला नीट पाहिलं. भिंतीशी खोकी होती. बांधलेली, सुतळी आवळलेली. बुधवारपासून ती तिथेच होती आणि मी त्यांना पसारा समजत होते.

"हे काय?"

"पुलाचं काम संपलं," तो म्हणाला. "सोमवारी निघायचंय."

"कुठे?"

"दुसऱ्या गावाला. तिथला पूल याच्याहून जुना आहे."

"आणि तो झाला की?"

"पुलांना काय तोटा?" तो हसला, पण कान हलला नाही.

"अरे वा. छानच की," मी म्हटलं. असं म्हणतात का कुणी? छानच की! मला रडू नाही आलं, राग आला. सोमवारी जायचं होतं तर "सहसा" कशाला म्हणायचं, कडा घरच्यांच्या कशाला म्हणायच्या? मी ट्रे फ्रीजरमध्ये ठेवला, सवयीने कोपऱ्यात, आळू लागलेल्या चॉकलेटवर, एक बोट दाबलं आणि मागे न बघता खाली आले. त्या रात्री मी न जेवता झोपले. आई म्हणाली, चॉकलेट खाऊन पोट भरलं असेल.

रविवारी त्याने दारातच ट्रे माझ्या हातात दिला. मी "थँक यू" म्हटलं, तो "त्यात काय" म्हणाला. संपलं. मी घरी येऊन कागदाच्या कडा धरून चौकोन बाहेर काढला आणि कापायला सुरी उचलली.

कोपऱ्यात माझ्या बोटाची खळी होती. आणि तिला अगदी चिकटून दुसरी. चांगली मोठी. माझं बोट एवढं मोठं नाही, कालही नव्हतं.

"काय बघत बसलीस? पाहुणे आलेसुद्धा!" आईने हाक मारली.

मी तो कोपरा कापून वेगळा काढला, का ते न कळताच, आणि बाकीचे बार बशीत मांडून बाहेर नेले. या वेळी थरांनी एकमेकांना घट्ट धरलं होतं. ताईची होणारी सासू बोलायला साखर आणि नजरेला सुई अशी बाई होती. तिने एक तुकडा उलटसुलट करून पाहिला, खाल्ला, दुसरा घेतला, आणि आईचा जीव भांड्यात पडला.

तेवढ्यात बेल वाजली. दारात जुनं सामान घेणारा माणूस, खांद्यावर दोरखंड.

"वरच्या साहेबांचा फ्रीज न्यायचाय. ते घरात नाहीत. कुठे गेलेत, काही सांगता येईल?"

"नाही बुवा," बाबा म्हणाले.

"आता काय म्हणावं! बुधवारी पण असंच झालं. सौदा झालेला, फ्रीज कागदात गुंडाळून, सुतळीने बांधून तयार. मी खाली गाडी लावतोय तर यांचा फोन, आज नको, रविवारी या. बांधलेला फ्रीज सोडून परत चालू केला हो त्यांनी! का, तर म्हणे, आत कुणाचं तरी ठेवलंय."

माझ्या हातातली बशी कलली.

कागद फाडल्याचा आवाज. "आई गं." तो न गोठणारा थर. आणि मी त्याला सोनूबाई म्हणाले होते!

"बुधवारी ठीक आहे," बाबा विचारात पडून म्हणाले. "पण आपला फ्रीज तर गुरुवारीच..."

"बाबा, चहा घ्या," ताई म्हणाली.

ताईच्या सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग छताकडे, आणि मग बशीतला एक बार उचलून माझ्या हातावर ठेवला. "वरच्यांना पण द्यावा, नाही का? एवढी जागा दिली त्यांनी."

मी तो बार बशीत परत ठेवला, स्वयंपाकघरातून कापून ठेवलेला कोपरा घेतला आणि धावले.

तो जिन्याच्या वळणावरच भेटला, खिडकीपाशी. हातात पावाची पिशवी, खांदे भिजलेले. मला असं अनवाणी येताना बघून तो थबकला.

"बुधवारी फ्रीज विकला होतात तुम्ही?"

त्याचे कान लाल झाले.

"मग जागा आहे असं का म्हणालात?"

"जागा होतीच की," तो हळूच म्हणाला. "वीज नव्हती फक्त."

मला हसू यायला लागलं, आणि डोळ्यांत पाणीही. दोन्ही एकदमच.

"आणि तुमचा गुरुवारीच दुरुस्त झाला," तो म्हणाला.

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"तुमच्या बाबांनी. जिन्यात उभं करून. बर्फसुद्धा दाखवला."

"मग बोलला का नाहीत काही?"

"बोललो असतो, तर ट्रे खाली गेला असता."

खिडकीवर पावसाचे थेंब सरकत होते. मी मूठ उघडून कोपरा त्याच्यासमोर धरला. दोन खळ्या, एक लहान, एक मोठी. "हे काय आहे?"

"ते... तपासणी," तो म्हणाला. "धरतंय का बघत होतो."

"मग? धरतंय?"

त्याने चष्मा कपाळावर सरकवला. माझ्याकडे पाहिलं, इतक्या जवळून की मला त्याच्या पापण्यांवरचं पाणी दिसलं. "माझ्या बाजूने... केव्हाच."

"मग जवळचं दिसत नव्हतं की काय इतके दिवस?"

"दिसत होतं. सांगता येत नव्हतं. आज इथे, उद्या तिथे असा माणूस मी. कुणाला काय सांगणार?"

"मला विचारलं असतंत तर कळलं असतं, काय सांगायचं ते."

खाली सामानवाला बाबांना अजून काहीतरी समजावत होता.

"सोमवारी जावं लागेल," तो म्हणाला. "नोकरीच आहे. पण फ्रीज नाही विकत. तुमच्याकडे ठेवून जातो. म्हणजे... तो न्यायला मला परत यावंच लागेल. चालेल तुला?"

तुला म्हणाला. त्याच्या लक्षातही आलं नाही, पण माझ्या आलं.

"तो भिकार फ्रीज?" मी म्हटलं. "ठेव."

मग आम्ही तिथेच पायरीवर बसून तो कोपरा अर्धा अर्धा खाल्ला. कडेचा होता. घरच्यांचा.

आई पुढे वर्षभर कुरकुरत राहिली की एका घरात दोन दोन फ्रीज म्हणजे काय तमाशा, लोक काय म्हणतील. बाबांनी मात्र दुसऱ्यातही बर्फ करून ठेवला. आणि पूलवाला आला. सुट्टी मिळेल तेव्हा आला, पुढच्या वर्षी कायमचा न्यायला आला, फ्रीजही आणि मलाही. सामानाच्या गाडीत मी त्या फ्रीजशेजारीच बसले होते.

त्यानंतर आम्ही कितीतरी गावं बदलली. प्रत्येक गावात एक नदी, एक पूल आणि चष्म्याचं एखादं दुकान. आई-बाबा आता नाहीत. ताईच्या सासूबाईही नाहीत, पण त्या असेपर्यंत दर वाढदिवसाला माझ्याकडून बार मागवून घ्यायच्या. फ्रीज मात्र आमच्यासोबत फिरत राहिला. रंग उडाला, दाराचं रबर सैल झालं, चालू होताना खोकल्यासारखा आवाज करायला लागला. गेल्या आठवड्यात मुलीने नवा घेऊन दिला. म्हणाली, "आई, आता पुरे झालं त्या म्हाताऱ्याचं!" नवा चकचकीत आहे, पाण्याचा गोठून बर्फ कधी झाला तेसुद्धा कळत नाही.

आज सकाळी जुना न्यायला माणूस आला. तरुण पोरगा होता, खांद्यावर दोरखंड. "काकू, कुठला फ्रीज?" त्याने विचारलं.

मी त्याला आत घेऊन निघाले. स्वयंपाकघराच्या दाराशी आले तर आमचे पूलवाले जुन्या फ्रीजपुढे वाकून उभे. केस पिकलेले, चष्मा कपाळावर. फ्रीजरचं दार उघडं, आत रात्री मी ठेवलेला ट्रे. मुलीसाठीच केला होता. ठेवताना कोपऱ्यात माझं बोट दाबून झालं होतं.

माझी चाहूल लागताच त्यांनी घाईघाईने हात मागे घेतला आणि बोट तोंडात घातलं. कान लाल!

पोरगा दोरखंड सोडायला लागला. मी त्याला थांबवलं.

"आज नको रे," मी म्हटलं. "रविवारी ये. आत कुणाचं तरी ठेवलंय."